वाळूवरचा लिलाव आणि पाटीवालीचा हिशोब

मालवणात दांडीच्या किनाऱ्याला होडी लागली की मासळीचा भाव वाळूवरच ठरतो. टब ओतला जातो, बोली करणारा आकडा पुकारतो. भोवतीच्या गर्दीत गोवा, बेळगाव, कोल्हापूरकडे गाडी भरणारा एजंट असतो, हॉटेलवाला असतो, आणि कमरेला पैशांची पिशवी खोचलेली मासे विकणारी बाईही असते. एजंट दहा टब उचलतो. ती एक उचलते, कधी दोघी-तिघी मिळून एक. दुपारच्या आत तोच बांगडा चौके, धामापूर, नेरूरच्या रस्त्याकडेला पाच-पाचाच्या वाट्यांत मांडलेला दिसतो.

सिंधुदुर्गच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर मच्छीमारांची सभा कुठेही भरो, एक मागणी ठरलेली असते: मधली माणसं काढा, मासळी थेट ग्राहकाला द्या. मला ही मागणी अर्धी पटते. उरलेल्या अर्ध्यात ज्यांचं पोट मारलं जातं त्या बायका सभेच्या पुढच्या रांगेत नसतात, म्हणून हे लिहायचं.

ज्यांचं बोलणं इथे देतो ते दीर-भावजय आहेत. भावजींनी उमेदीची वर्षं रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काढली, नंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचं काम केलं. सभांमधून बोलून त्यांची भाषा पुस्तकी झाली आहे. वयनी लग्न होऊन आल्यापासून लिलावात मासे घेऊन गावोगाव विकतात. त्यांची मालवणी तशीच ठेवली आहे. नावं दोघांचीही गाळली आहेत.

भावजी: होडी आमची, डिझेल आमचं, जाळं आमचं, समुद्राची भीतीही आमची. रापण लावली तर चाळीस-पन्नास माणसं दोर ओढतात आणि मिळेल त्याचे वाटे होतात. किनाऱ्यावर १०० रुपये किलोने गेलेला बांगडा नेरूरला १६० च्या भावाने विकला जातो. मधले ६० कोणाचे, एवढंच मला सांगा.

वयनी: ६० खयचे, भावजी? कागद घेवा, आपण लिवया. एक टब धरा, २५ किलोचो, २,५०० रुपयांचो. किलोक आठ, म्हणजे २०० बांगडे. सकाळी पाचाचो वाटो १०० रुपयांक. तसे १०० बांगडे गेले, २,००० इले. बारा वाजल्यार सहाचो वाटो. ६० गेले, १,००० इले. दोन वाजल्यार गिरायक डोळो बघता आणि तोंड फिरवता, मगे दहा बांगडे १०० रुपयांक. ३० गेले, ३०० इले. दहा उरले ते मिठात. किती झाले?

भावजी: ३,३००.

वयनी: गाडीचे २५०, बर्फाचे १००, बाजारात बसूचे २०. टबाचे २,५००. हातात रवले ४३०. त्यातले ३०० उधारी. गवंडी म्हणता शनिवारी दितंय, मास्तरीण म्हणता पगार झाल्यार. तुमचो १६० रुपयांचो भाव सकाळी नऊ वाजताचो असा. दोन वाजताचो भाव तुमी कधी इचारलाच नाय.

हा हिशोब एका बऱ्या दिवसाचा आहे. पहाटेपासून तिसऱ्या प्रहरापर्यंतचे उन्हातले तास त्यात धरलेले नाहीत. रोकड १३० रुपये. भावजींनी बेरीज दोनदा तपासली, आणि मग त्यांनी जो मुद्दा काढला तो खरोखर बिनतोड होता.

भावजी: मग लिलावात बोली का धरता? तुम्ही बायका आधी डोळ्यांनी ठरवता, हा टब तिचा, तो टब हिचा, आणि दुसरी वर बोलत नाही. मी समोर उभा राहून पाहिलंय. ज्या दिवशी एजंट नसतो त्या दिवशी छोट्या होडीवाल्याला तुमच्या ठरवाठरवीमुळे भाव मिळत नाही. तो होडीवाला कोण असतो? तुमच्याच वाडीतला, कधी तुमचाच भाऊ.

वयनी: व्हय, धरतंव. खोटा कित्याक बोलू? एजंट असलो की तो आमका एकेकीक उडवन लावता. त्येच्याकडे गाडी उभी, बर्फ भरलेलो. आमी एकमेकीर चढलंव तर तिघीजणी मराक. एक दिवस आमचो, चार दिवस त्येचे.

इथे माझं मत भावजींच्या बाजूने आहे. एजंटाच्या जोरापुढे बायकांनी एकी करणं समजू शकतं, पण त्या एकीचा भार एजंटावर पडत नाही. तो पडतो दोन टब घेऊन आलेल्या बिगरयांत्रिक होडीवर. लहान व्यापारी लहान आहे म्हणून त्याचं प्रत्येक वागणं रास्त ठरत नाही.

मात्र या लिलावाला एक गुण आहे, आणि तो आंब्याच्या व्यापाराशी ताडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. देवगडचा हापूस पेटीत भरून वाशीला गेला की बागायतदाराच्या हातात उरते ती दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद. बाजारात भाव ठरताना रुमालाखाली बोटं दाबली जातात. हा अनेक वर्षांचा रिवाज. पिकवणारा तिथे नसतो, आणि असला तरी त्याला आकडा ऐकू येत नाही. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघडा लिलाव अपेक्षिला होता. २०१६ मध्ये फळं-भाज्या नियमनातून मोकळ्या झाल्या, अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. दांडीच्या वाळूवर असला कायदा नाही, पण बोली सगळ्यांच्या कानावर पडते.

भावजी: आंब्याचंच उदाहरण मीही देतो. देवगडच्या बागायतदारांनी आपली सहकारी संस्था काढली, ग्राहकाला थेट पेटी पाठवायला लागले, इंटरनेटवरूनही विकतात. आंब्याला जमलं ते बांगड्याला का जमू नये?

वयनी: आंबो गवतात घाला, आठ दिवस पिकत बसतलो. बांगडो बसतलो? आणि आंब्याची पेटी कोण घेता, पुण्या-मुंबयचो माणूस, पाचशेच्या नोटी घेवन. माझा गिरायक ५० रुपये घेवन येता, म्हणता अर्धो वाटो कर, मोठे नको, कढीक पुरतले तेवढे दी. तेका तुमचो कुरिअर पुरवतलो?

या मुद्द्यावर मला एक दूरची गोष्ट आठवली आणि मी ती दोघांना सांगितली. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या नैऋत्य भागात, योरुबा लोकांचे बाजार पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातात आहेत. तिथे शेतकरी बाजाराला निघाला की वाटेवर किंवा बाजाराच्या तोंडाशी त्याला गाठून माल घेणाऱ्या आणि तो छोट्या ढिगांत मांडून विकणाऱ्या बायका असतात. त्यांना ‘अलारोबो’ म्हणतात. इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यांना या बायका म्हणजे महागाईचं मूळ वाटे. दुसऱ्या महायुद्धात लागोसमध्ये सरकारने कॅप्टन पुलन या अधिकाऱ्याच्या हाती अन्नधान्याचं नियंत्रण दिलं. भाव बांधले, सरकारी केंद्रांवरून विक्री सुरू केली, मधल्या बायकांना बाजूला सारलं. माल केंद्रांवर पुरेसा आला नाही आणि काळा बाजार फोफावला. त्या योजनेविरुद्ध बाजारातल्या बायकांना एकत्र करणारी पुढारी होती अलिमोतु पेलेवुरा. ती एरेको बाजाराची प्रमुख होती, आणि तिचा स्वतःचा धंदा मासे विकण्याचा.

वयनी: मासे इकणारी? आणि सरकार तिचा ऐकला?

युद्ध संपलं तेव्हा योजना गुंडाळली गेली. पुढे पी. टी. बाउअर या अर्थशास्त्रज्ञाने ‘वेस्ट आफ्रिकन ट्रेड’ हे पुस्तक १९५४ मध्ये लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे ग्राहकाच्या हातात एका वेळी थोडाच पैसा असतो, तिथे मोठा माल फोडून सुटी सिगारेट, बाटलीभर रॉकेल असा विकणारा माणूस हवाच. ते काम आहे. तो माणूस काढला तर त्याचा खर्च नाहीसा होत नाही, तो ग्राहकाच्या आणि उत्पादकाच्या अंगावर येतो. अशा देशात भांडवल थोडं आणि माणसं पुष्कळ असतात, म्हणून गोदाम-गाड्यांपेक्षा माणसांनी चालणारा व्यापार स्वस्त पडतो.

भावजी: शेवटचं वाक्य पुन्हा सांगा.

मी पुन्हा सांगितलं.

भावजी: म्हणजे वयनींचा दिवस स्वस्त आहे म्हणून हा धंदा चालतो. १३० रुपयांत दिवसभर उन्हात बसायला कोणी पुरुष तयार होत नाही, म्हणून बाई बसते. याला तुमचा अर्थशास्त्रज्ञ काटकसर म्हणत असेल. मी म्हणणार नाही. मला मधली माणसं काढायची आहेत ती एजंटाच्या रागापोटी नाही. माझ्या घरातली बाई सत्तरीतही डोक्यावर पाटी घेऊन एसटीत कंडक्टरची बोलणी खाईल, हे मला नको आहे.

वयनी: माका तरी खय व्हया, भावजी? पण पाटी काढून घेतलास तर डोक्यार काय ठेवतलास ता आदी सांगा.

बाउअरवर पुस्तकी वादात पुष्कळ टीका झाली आहे, पण या आक्षेपाइतका नेमका आक्षेप मी वाचलेला नाही. लहान मध्यस्थ उपयोगी आहे हे मान्य करताना त्याची मजुरी कोण खातं हे विचारलं पाहिजे. वयनींच्या ४३० रुपयांत मजुरी, जोखीम, भांडवलावरचं व्याज, उधारीतली बुडीत, सगळं आलं. त्यातलं एकेक वेगळं काढलं तर नफा नावाची गोष्ट हाती लागत नाही.

मग मच्छीमाराचा पैसा जातो कुठे? इथे बोलणं पावसाळ्यावर आलं, आणि माझ्या मते विषयाचं मर्म इथेच आहे.

भावजी: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. त्याच वेळी जाळी दुरुस्त करायची, इंजिन खोलायचं, मुलांच्या शाळेचं भरायचं. बँक कागद मागते. एजंट दारात येऊन उचल देतो. व्याज मागत नाही, मासळी मागतो. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ समुद्राला अर्पण झाला, होड्या बाहेर पडल्या, की त्या होडीचा मासा वाळूवर ओतला जातच नाही. सरळ त्याच्या गाडीत जातो, तो सांगेल त्या भावाने. उचल फिटत नाही, कारण भाव लावणारा तोच आणि हिशोब ठेवणाराही तोच. पुढच्या जूनला पुन्हा उचल.

वयनी: आणि तो मासो आमच्या नजरेक पडणा नाय. किनाऱ्यार दहा होडये लागले तरी लिलावाक दोनच. मगे त्या दोघांवर आमी सगळी जणां तुटान पडतंव. बोली धरतत म्हणान तुमी बोलतास, पण धरूक मासोच खय रवलो?

भावजी: हे तुम्ही कधी सभेत बोलला नाहीत.

वयनी: बोलावलास कधी?

भावजी: तुम्ही लिलावाचे पैसे कधी देता?

वयनी: सांजवेळी. सकाळी टब उचलतंय, इकून इलंय की घराकडे नेवन दितंय. एखाद्या दिवशी नाय जमला तर दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी दिलंय नाय तर तिसऱ्या दिवशी माका कोण टब देणा नाय.

या चार ओळींत जे आहे त्यासाठी मी हा सगळा संवाद लिहायला घेतला. वयनींच्या व्यवहारात उधार देणारा मच्छीमार आहे आणि घेणारी विक्रेती. उधारी एका दिवसाची. पैसे चुकले तर उद्या तो टब दुसरीला देऊ शकतो. एजंटाच्या व्यवहारात उधार देणारा एजंट आहे आणि घेणारा मच्छीमार. उधारी वर्षाची, आणि उद्या मासा दुसऱ्याला देण्याचा हक्कच त्याने गहाण टाकलेला असतो. दोघेही समुद्र आणि ताट यांच्या मध्येच उभे आहेत, पण एकीच्या हातून मच्छीमार मोकळा राहतो, दुसऱ्याच्या हातून बांधला जातो. सभेतल्या मागणीत हा फरक कुठेही येत नाही. म्हणून उपाय योजले जातात तेव्हा ते उचल देणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. तो नोंदणी करतो, परवाना काढतो, गाडी बदलतो. अडकते ती पाटीवाली.

२०१८ साली हे उघड दिसलं. जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याच्या बातमीने गोवा हादरला. नोव्हेंबरात गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीसाठी नोंदणी आणि उष्णतारोधक गाडी सक्तीची केली. लोकांच्या आरोग्यासाठी काळजी घेणं योग्यच होतं. पण दूरच्या राज्यांतून दिवसचे दिवस प्रवास करून येणारा ट्रक आणि मालवण-वेंगुर्ल्याहून सकाळची मासळी घेऊन दोन-तीन तासांत पोचणारा छोटा टेम्पो या दोघांना एकच नियम लागला. सिंधुदुर्गच्या गाड्या सीमेवरून मागे फिरल्या. मोठ्या व्यापाऱ्याला गाडी बदलणं परवडतं. चार जणींनी मिळून ठरवलेल्या टेम्पोला ते कसं परवडणार?

भावजी: मोठ्यालाच सोयीचं होतं, हे आम्ही समुद्रातही पाहिलं. मोठ्या यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो, त्या प्रश्नावरच्या सोमवंशी समितीचा अहवाल आला, ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. कागदावर जिंकलो. एलईडी दिव्यांची मासेमारी २०१७ मध्ये केंद्राने बंद केली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच.

वयनी: त्या होड्यांचो मासो कधी वाळूर इलो? बंदरात ट्रक लागता आणि टनान भरता. माझ्या पाटीत टन मावणा नाय. रापण लागली की मात्र आधी आमका हाक येता.

भावजी हे ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. पर्ससीनविरोधी लढ्यात पारंपरिक मच्छीमाराची बाजू मांडताना माशांचा साठा, पिल्लांची कत्तल, जाळ्याचा आस हे सगळं बोललं गेलं, आणि ते खरंच होतं. पण कशा जाळ्यात मासा सापडतो यावर तो कोण विकणार हेही ठरतं, हे फारसं बोललं गेलं नाही. अनेक लहान होड्या अनेक ठिकाणी थोडा थोडा मासा उतरवतात तेव्हाच अनेक बायकांना तो विकता येतो. सर्जेकोट, देवबाग, तळाशील, आचरा, निवती इथल्या लहान लहान उतरणींवर हा सगळा किरकोळ बाजार उभा आहे. रापण संपली तर वयनींना वेगळं काढावं लागणार नाही. त्या आपोआप संपतील.

भावजी: ठीक. मग माझी योजना ऐका. संस्थेची बर्फाची गाडी. सकाळी लिलावात संस्था बोली लावेल, म्हणजे एजंटाला खाली भाव पाडता येणार नाही. गाडी चौके, कट्टा, कुडाळ फिरेल. भाव फलकावर लिहिलेला.

वयनी: गाडी चलवतलो कोण? पगारी माणूस. दोन वाजता बांगडो मऊ पडलो की वाटो सहाचो करूचो की दहाचो, ह्या तेका कोण सांगतला? फलकार एकच भाव. मगे सांजेक उरलेलो मासो उकिरड्यार. आणि उधारी? पावसात ज्या घरात काम नाय त्या घरात मी वाटो दितंय, दिवाळीक पैशे घेतंय. तुमचो पगारी माणूस दितलो?

भावजी: मग काय करायचं?

वयनी: गाडी आणा. पण ती आमका भाड्यान द्या, दहा जणींक मिळान. बर्फ किनाऱ्यार द्या. बाजारात डोक्यार पत्रो, नळाक पाणी आणि बायलमाणसांका जावक जागा द्या. इकूचा काम आमका येता, ता आमच्याकडेच रवांदे.

भावजी: आणि भांडवल? होडीवाल्यांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळू शकतं. पावसाळ्याआधी संस्थेने सगळ्यांचे कागद करून दिले तर उचल निम्म्याने तुटेल. तुमच्यासाठी २०२० ची स्वनिधी योजना आहे, सुरुवातीला पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, पण ती शहरी फेरीवाल्यांसाठी.

वयनी: मी बसतंय धामापूरच्या रस्त्यार. ता शहर खय?

भावजी: नाही. म्हणूनच संस्थेत तुम्हाला सभासद करून घ्यायला हवं. पण मग एक अट मी ठरावात घालणार. लिलावात बोली धरायची नाही. प्रत्येकीने आपली बोली आपण बोलायची.

वयनी: घाला.

भावजी: नक्की?

वयनी: घाला, पण दुसऱ्या ओळीत. पयल्या ओळीत लिवा, ज्या होडयेन उचल घेतल्यान तिचो मासोय वाळूर ओतूचो, सगळ्यांसमोर बोली करूची, आणि एजंटाक व्हयो तर तेनी बोलीत घेवचो. उचल तेनी पैशात वळती करूची, माशात नाय. ती ओळ पास झाली की आमची तुमी वाचा, मी हात वर करतंय.

भावजींनी पहिली ओळ लिहून घेतली आहे. संस्थेच्या संचालकांतल्या दोघांच्या स्वतःच्या होड्यांवर उचल आहे, त्यामुळे ती सभेपुढे कोण मांडणार हे अजून ठरलेलं नाही.